फेस होता का

तुम्ही तोंग शिफूचा जीव घेतलात आणि आता मलाच विचारता, फेस होता का. फोन तुम्ही केलात, कठडा तुम्ही कापायला लावलात, भाड्याचे मासे तुमच्यासाठी आणले, आणि कागदावर काय लिहिलंत, तर मयत इसम प्यायलेला होता. शेन रूइलान हे मनातल्या मनात बोलत होती, चौथ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून. गेले अकरा दिवस हे बोलणं असंच चालू होतं. भांडी विसळताना, बसची वाट बघताना, आरशात तोंड बघून केस बांधताना, ओठ मिटलेले आणि आत एकसारखी बडबड, आणि त्या बडबडीत ती कुणाला भीत नव्हती. इथे येऊन बसल्यावर मात्र तोंडातून एवढंच निघालं की हो, चहा चालेल.

चहा आला. काचेचा पेला, तळाशी पानं, वर गरम पाणी, आणि काठाला फेसाची एक बारीक पांढरी कड. तिने ती पाहिली आणि समोर बसलेला, चौकशी करणारा पान साहेब काय बोलतोय ते तिला ऐकू येईनासं झालं. गरम पाणी उंचावरून ओतलं की चहावर बुडबुडे येतात, पण ते दहा आकडे मोजेपर्यंत फुटतात. तिने मोजलं. दहा झाले, वीस झाले, चाळीस झाले. कड जागची हलली नाही. कुणीतरी पेला साबणाने घासला होता आणि पुरता विसळला नव्हता. दुसऱ्या कुणाला हे दिसलं नसतं. कुणीही घोट घेऊन, छान आहे, यंदाची पहिली तोडणी का, असं म्हटलं असतं. पण रूइलानने एकोणीस वर्षं दुसरं काही पाहिलंच नव्हतं. चीनमधल्या शाओशिंग शहराच्या औद्योगिक वसाहतीत रंगाईचे कारखाने कापड उकळतात, रंगवतात, धुतात, पुन्हा धुतात, आणि प्रत्येक धुण्याला साबण लागतो. कापड भिजावं म्हणून वेगळा, तेल निघावं म्हणून वेगळा, उरलेला रंग सुटावा म्हणून आणखी वेगळा. कापड जगभर जातं. साबण तिच्याकडे येतो. वसाहतीच्या टोकाला सांडपाण्याचा जो कारखाना आहे तिथे ती पाळीप्रमुख, आणि प्रयोगशाळेतली बाई गेल्यापासून प्रयोगशाळाही तीच. पेल्याच्या काठावर चिकटलेला तो फेस तिला ओळखीचा होता आणि त्याच्याकडे बघताना तिच्या मानेमागे काहीतरी तापत चाललं होतं.

पान साहेब चौतिशीचा, दात चांगले, आवाज मऊ. त्याने जबाब छापूनच ठेवला होता. तिला त्रास नको म्हणून, असं तो म्हणाला. सात प्रश्न, सात उत्तरं, खाली सहीची जागा, बाजूला लाल शाईची डबी. फक्त वाचायचं, सही करायची, बोट उमटवायचं. पान काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणजे ‘तुम्ही’ नव्हताच. ‘तुम्ही’ कधी समोर येत नाही. ‘तुम्ही’ म्हणजे कंट्रोल रूममधल्या टेबलावरचा राखाडी फोन. तो वाजायचा आणि पलीकडून आवाज यायचा, ऑफिसातून बोलतोय. आवाज बदलायचे, वाक्य बदलायचं नाही. एकोणीस वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं की ऑफिसातून कोण.

तोंग शिफूने एकदा विचारलं होतं म्हणे. शिफू त्याला सगळेच म्हणत, हातात कसब असलेल्या माणसाला म्हणतात तसं, पण तो म्हणायचा, माझं कसब काय, तर घाण ढवळणं. आधी रंगाईच्या पिंपावर होता, नखं कायमची निळसर, मग हवेच्या टाकीवर आला. हवेची टाकी म्हणजे पोहण्याच्या तलावाएवढा हौद. खालून ब्लोअर हवा सोडतात आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली घाण खातात. साबण जास्त झाला की हवा पाण्यात मुरत नाही, जिवाणू गुदमरतात, आणि वर फेस चढतो. तोंग त्या फेसावर बोट फिरवायचा आणि सांगायचा, हा आजचा, हा कालचा, हा पोलिएस्टरवाल्यांचा, ह्यांनी पुन्हा माल बदलला. तिच्या बाटल्या आणि नळ्या दोन तासांनी तेच सांगायच्या. पहिल्यांदा तिला त्याचा राग यायचा. तो म्हणायचा, रूइलान, तू शिकलेली आहेस, तुला वेळ लागणारच.

त्याची आई तोफू करायची, कालव्याकाठी, पहाटे. सोयाबीनचं दूध उकळलं की दुधाच्या दुप्पट फेस वर येतो. ‘आमची आई झाऱ्याने फेस काढायची आणि डुकराच्या बादलीत टाकायची,’ तो सांगायचा. ‘शेजारचा लिऊ तळणीचा गाळ एक चमचा दुधात टाकायचा. फेस असा खाली बसायचा, सासरा घरात आल्यावर सुना बसतात तसा. लिऊचं काम पाच मिनिटांत. पण फेसातला कडूपणा गेला कुठे? तो दुधातच. लिऊचा तोफू खाल्ला की जीभ आवळायची.’ हे तो सांगायचा आणि कोपऱ्यात रचलेल्या पिंपांकडे हनुवटी उडवायचा. फेसमारकाची पिंपं. फोन यायचा, पाहणी आहे, आणि मग दोन माणसं बादल्या घेऊन टाकीच्या चारी बाजूंनी ते दुधट तेलकट द्रव ओतत फिरायची. फेस बसायचा. पाणी आरशासारखं दिसायचं. साहेब लोक त्या आरशात आपली तोंडं बघून जायचे. साबणाचा एक थेंब कमी झालेला नसायचा, वर आणखी तेल पाण्यात गेलेलं असायचं, आणि तीन दिवसांनी फेस परत चढायचा तो आधीपेक्षा चिवट. तोंग म्हणायचा, सगळा देश लिऊचा तोफू खातोय.

मग त्याने ते नळकांडं उभं केलं. टाकाऊ प्लास्टिकचा पाइप, दोन माणसं उंच, खालून हवा, वरून वाकडं तोंड, आणि तोंडाखाली पिंप. येणारं पाणी आधी ह्यात घालायचं, त्याला मुद्दाम फेसाळू द्यायचं, जेवढं फेसाळेल तेवढं चांगलं, आणि वर चढलेला फेस बाजूला ओढून घ्यायचा. साबणाला बुडबुड्याच्या अंगाला चिकटून राहायला आवडतं. त्याला जे आवडतं ते करू द्यायचं आणि तिथेच धरायचा. ती हसली होती. हे प्रयोग म्हाताऱ्यांनी घरी करावेत, असं म्हणाली होती. आठवड्याने तिने आकडे पाहिले आणि पुन्हा पाहिले. शंभर बादल्या पाण्यातला बहुतेक साबण, फेस विरल्यावर जेमतेम तीन बादल्या पाण्यात आला होता. त्या तीन बादल्यांना वेगळं औषध द्यायचं, झालं. तोंगने पाच नळकांडी उभी केली. चार महिने हवेची टाकी शांत होती, फेसमारकाचं एकही पिंप उघडावं लागलं नाही, जिवाणू तपकिरी आणि गुबगुबीत झाले. चार महिने ती घरी गेल्यावर नवऱ्याशी नीट बोलायची. हे आता आठवलं की तिला लाज वाटायची, की आपण खुश होतो. कारण मग नवा रस्ता झाला, कुंपणाला लागून उड्डाणपूल, आणि पुलावरून पाच पांढरी थुंकणारी तोंडं दिसू लागली. फोन आला. फेस दिसतोय. ती म्हणाली, साहेब, फेस दिसतोय म्हणजेच काम होतंय. पलीकडून आवाज म्हणाला, वसाहतीला फेसमुक्त म्हणून पाटी मिळालेली आहे, उद्या सकाळपर्यंत काढा. तोंगने स्वतः करवतीने कापली. कापताना म्हणाला, लिऊ जिंकला. त्या दिवशी ती हसली नव्हती आणि रडलीही नव्हती. पाळीच्या वहीत तिने लिहिलं, पाच नळकांडी काढली. कुणी सांगितलं ते लिहिलं नाही. तशी जागाच वहीत नव्हती, असं तिने तेव्हा स्वतःला समजावलं.

‘शेनताई, चहा गार होतोय,’ पान म्हणाला.

ती पेल्याकडे बघत राहिली. तुम्ही, तुम्ही, असं म्हणत राहायला बरं वाटतं, पण ह्या ‘तुम्ही’त कुठेतरी आपणही बसलो आहोत हे तिला माहीत होतं, आणि राग जो तापत होता त्याची खालची आच तीच होती. निळी चाचणी कोण करत होतं? पाण्यात निळा रंग आणि औषध घालून बाटली हलवायची. साबण असेल तर तो निळ्याला ओढून खालच्या थरात नेतो. जेवढा निळा, तेवढा साबण. पण ह्या चाचणीला साबणाची एकच जात दिसते. कारखान्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी जात बदलली. नव्या जातीचा साबण निळ्याला हात लावत नाही. बाटली स्वच्छ, आकडा स्वच्छ, आणि बाहेर टाकीवर कमरेएवढा फेस. तिने एकदा पत्र लिहिलं की दुसरी चाचणी हवी. उत्तर आलं, नियमात जी आहे ती करावी. तिने केली. सहा वर्षं ती स्वच्छ आकडे वळणदार अक्षरात लिहीत होती आणि प्रत्येक आकडा खरा होता. ह्याला खोटं म्हणता येत नाही, हेच तर कसब. माझंही कसब, शिफू.

आणि मासे. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी एक काचेचा हौद, त्यात रंगीत कोई मासे, म्हणजे पाहुण्यांना कळावं की पाणी मासे जगण्याइतकं शुद्ध आहे. पहिल्या वर्षी मासे विकत आणले, ते तीन दिवसांत कल्ले फाकवून वर आले. दुसऱ्यांदा आणले, तेही गेले. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की भाड्याने आणावेत. फुलबाजाराजवळचा एक माशांवाला पाहणीच्या सकाळी बारा मासे द्यायचा, अट एवढीच, दुपारच्या आत परत आणि जिवंत. तोंगवर ते काम. त्याने माशांना साहेबांची नावं दिली होती. हा लाल ठिपक्याचा उपसंचालक, तोंड कायम उघडं. हा पांढरा लठ्ठ, ह्याला काही विचारलं की दगडामागे जातो. पाहुणे गेले की जाळी आणि बादली घेऊन तो धावायचा, चला साहेब, ऑफिस सुटलं. सगळे हसायचे. तीही. जे मासे त्या पाण्यात संध्याकाळ बघू शकत नव्हते ते दाखवून आपण सांगत होतो की हे पाणी चांगलं आहे, आणि हसत होतो.

त्या सकाळी पाहणी मोठी होती. आदल्या दिवशी फोन आला की फोटो घ्यायचेत, टाकीवरच्या पायवाटेचा कठडा मध्ये येतो, चार हात कापून काढा. काढला. परत जोडायला वेल्डर दुपारी येणार होता. सकाळी फेसमारक ओतला, ब्लोअर अगदी मंद केले, म्हणजे बुडबुडाही नको. दोन तास जिवाणूंना हवा नाही. टाकीतल्या प्राणवायूचा आकडा तारेवरून थेट ऑफिसात दिसतो, तो खाली खाली गेला. गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटं झाली असताना राखाडी फोन वाजला. ऑफिसातून बोलतोय. आकडा लाल झालाय, वर न्या, लगेच, तिन्ही ब्लोअर. ती म्हणाली, एकेक करून घेते, एका वेळी केले तर उसळेल. आवाज म्हणाला, लगेच. आणि तिने उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने तीन हिरवी बटणं दाबली. एक, दोन, तीन. बटण दाबताना आत एक स्प्रिंग असते, ती अजून तिच्या बोटाला लागते. भाताचं भांडं उतू जावं तसा फेस काठावरून वर आला, पायवाट गिळली, गुडघा, कंबर. तिने काचेतून पाहिलं. असं कितीदा झालं होतं. तिला वाटलं, तोंग माशांच्या हौदापाशी आहे. पण तो निघाला होता. बादलीत शेवटचे दोन मासे, लाल ठिपक्याचा आणि तो लठ्ठ. माशांवाल्याची गाडी फाटकापाशी उभी होती, वळसा घातला तर दहा मिनिटं, टाकीवरून दोन. एकोणीस वर्षं तो त्या पायवाटेवरून खाली न बघता चालायचा, डावा तळहात कठड्यावर घसरवत. पाऊस असो, फेस असो, कठडा असला की वाट असते. तळहात घसरत गेला आणि पुढे कठडा नव्हता.

हवा सोडलेल्या पाण्यात पोहता येत नाही. ते पाणी नसतंच, बुडबुडे असतात, माणूस त्यात दगडासारखा जातो. हे तिने दरवर्षी नव्या लोकांना सुरक्षेच्या तासाला शिकवलं होतं. ब्लोअर बंद करायला तिला चार मिनिटं लागली, कारण काही झालं हे कळायलाच तीन लागली. फेस उतरला तेव्हा बादली पायवाटेवर सरळ उभी दिसली. आत दोन्ही मासे जिवंत. माशांवाल्याने ते मोजून घेतले आणि दुपारच्या आत नेले.

‘त्याच्या डब्याला दारूचा वास होता,’ पान म्हणाला, अगदी हळू, जणू मेलेल्याची अब्रू सांभाळतोय. म्हणूनच पाचव्या उत्तरात तसं लिहिलंय. तिच्यावर कुणाचाच ठपका नाही. सातव्यात तेवढं, की फेस नव्हता.

डबा, ती मनात म्हणाली. अरे, तू शाओशिंगचा ना. तुझ्या आईने तुला इथल्या तांदळाच्या पिवळ्या दारूत मुरवलेली कोंबडी कधी वाढली नाही? ह्या शहरात दारूचा वास नसलेला डबा दाखव मला. तोंगने तो डबा उघडलादेखील नव्हता, झाकणाचा रबर बसलेला होता. त्याच्या बायकोने, वू वहिनीने, आदल्या रात्री कोंबडी मुरत घातली होती. तोंग गेल्याच्या सातव्या दिवशी रूइलान त्यांच्या घरी गेली तेव्हा वहिनी अगरबत्तीची राख बोटाने सारखी करत होती आणि तिने वर न बघता विचारलं, ‘डबा मी भरला. मग त्याला दारू मीच पाजली, असं झालं का गं?’ जबाब व्हायचा होता, चौकशी चालू होती, बोलू नका असा फोन आलेला होता. ती मूग गिळून बसली आणि चहा पिऊन आली होती. अकरा दिवसांत ती स्वतःला कशासाठी माफ करू शकली नसेल, तर त्या चहासाठी. बटणासाठीसुद्धा तेवढं नाही.

तिने कागद ओढला. सात. घटनेच्या वेळी मार्गिकेवर फेस होता का? छापील उत्तर, नाही. तिने पेन मागितलं. ‘नाही’वर एक आडवी रेघ ओढली.

पान पुढे झुकला. त्याच्या आवाजातला मऊपणा गेला नाही, तो फक्त जवळ आला. ‘शेनताई, नीट विचार करा. फेस होता असं लिहिलंत तर पुढचा प्रश्न येणार, ब्लोअर कुणी वाढवले. बटणावर बोट तुमचं आहे.’

‘माझंच आहे,’ ती म्हणाली.

तिला वाटलं होतं हे वाक्य यायचं नाही. ते सहज आलं, आणि आल्यावर तिच्या मानेमागची ती आच पहिल्यांदा पुढे आली, डोळ्यांत, हातांत. तिने लिहिलं: होता. कमरेच्या वर. तिन्ही ब्लोअर मी एकदम वाढवले. नऊ वीसला फोन आला म्हणून वाढवले. कठडा आदल्या दिवशी फोन आला म्हणून कापला. नळकांडी फोन आला म्हणून काढली. ती असती तर एवढा साबण टाकीत आलाच नसता. मग पाचवं उत्तर. तेही खोडलं. डब्यात कोंबडी होती. डबा बंद होता. अक्षर वळणदारच येत होतं, सवयीने. आकड्यांचंच अक्षर.

खाडाखोड केली की प्रत्येक जागी बोट उमटवावं लागतं, हा नियम. पानने लाल शाईची डबी पुढे सारली नाही, म्हणून तिने स्वतः ओढली. उजव्या हाताचं पहिलं बोट. पाचव्यावर, सातव्यावर, समासात, सहीवर. दर वेळी तिने बटण दाबलं होतं तेवढ्याच जोराने दाबलं. शेवटी कागदाच्या कोपऱ्यात, जिथे काहीच छापलेलं नव्हतं, तिथे तिने आठवा प्रश्न लिहिला आणि त्यापुढे उत्तराची जागा मोकळी ठेवली.

पानने वाचलं. तो म्हणाला, हे त्याच्या हातात नाही, कागद वर पाठवावा लागेल.

‘वर कुठे?’

‘वर म्हणजे ऑफिसात.’

‘आपण ऑफिसातच बसलोय, पान साहेब.’

खाली रस्त्यावर वसाहतीची बस थांबली, दुपारच्या पाळीची माणसं चढली, बस गेली. टाकीवर आता दुसरा कुणी असेल. कठडा जोडलाय म्हणे. फेसमारकाची नवी पिंपं आली आहेत. पेल्यातली पानं तळाला बसली होती, चहा गार, काठावरची पांढरी कड तशीच. तिने तो पेला उचलून त्याच्या पुढ्यात ठेवला, कागदाशेजारी.

‘पेला नीट विसळून घ्यायला सांगा,’ ती म्हणाली. ‘आणि मी कुठे जात नाही. माझं बोट तुमच्याकडे आहे, चार ठिकाणी. आता आठव्यातलं, फोनच्या पलीकडचं सांगा. नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन कोणी केला? ऑफिसातून नको. नाव. लिहून द्या.’